मदत हवी आहे: पार्किंगच्या पैशातून पेन्शन, हा हिशेब कुणी समजावेल का?

मंडळी, अमेरिकेतल्या शहरांच्या अर्थकारणावर एक टिपण लिहितोय आणि पिट्सबर्गपाशी गाडी अडली आहे.

२०१० साली तिथल्या पालिका कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडात देण्याच्या निम्मीही रक्कम नव्हती. वर्षअखेरपर्यंत ती ५० टक्क्यांवर नेली नाही तर फंड राज्याच्या ताब्यात जाणार होता. महापौरांचा तोडगा असा, की पार्किंग गॅरेजं आणि मीटर ५० वर्षांसाठी खाजगी कंपनीला द्यायचे आणि एकरकमी पैसा उचलायचा. नगर परिषदेनं तो फेटाळला. (शिकागोनं २००८ मध्ये मीटर ७५ वर्षांसाठी देऊन टाकले होते आणि त्यावरची ओरड ताजी होती, त्यामुळे मला तरी हे शहाणपणाचं वाटतं.) त्याऐवजी परिषदेनं पुढच्या तीसेक वर्षांच्या पार्किंग करातला हिस्सा फंडाला लिहून दिला आणि ती भविष्यातली रक्कम आजच फंडाची मालमत्ता म्हणून धरली.

इथेच माझं डोकं चालेनासं होतं. हातात न आलेला पैसा मालमत्ता म्हणून मोजताना वटाव दर (भविष्यातल्या रकमेची आजची किंमत काढायचा दर) कसा ठरवतात? घरून काम वाढलं, गाड्या कमी झाल्या आणि कर घटला, तर तूट फंड सोसतो की पालिकेचं बजेट? आणि डाउनटाउनमधल्या गाड्या कमी करायला अशी पालिका कधी मनापासून तयार होईल का?

कुणी ॲक्च्युअरी (पेन्शन-विम्याच्या देण्यांचा हिशेब मांडणारे तज्ज्ञ) किंवा पालिका लेखापरीक्षणातलं असेल तर सविस्तर लिहा. पेन्शन फंडाचा मूल्यांकन अहवाल कुठून वाचायला सुरुवात करावी, एवढं सांगितलंत तरी चालेल.