मदत हवी आहे: आरडीटीएससी अडवून खोटा आकडा द्यायचाय, पण हँडलरच मरतो

नमस्कार मंडळी,

६४ बिट लिनक्स, इंटेल प्रोसेसर, कोड सी मधला. आमच्याकडे एक जुनी सिम्युलेशन लायब्ररी आहे. सोर्स नाही, नुसती एसओ फाइल, म्हणजे तयार बायनरी. रँडम आकड्यांचं सीड (सुरुवातीचा आकडा) ती थेट प्रोसेसरच्या टाइमस्टॅम्प काउंटरमधून (टीएससी), आरडीटीएससी या सूचनेने उचलते, म्हणून दर रनला उत्तर वेगळं. टेस्ट लिहायची म्हटली की पंचाईत. शिवाय दोन-तीन ठिकाणी ती त्याच काउंटरवर टाइमआउट मोजत गोल गोल फिरते.

लिबफेकटाइम लावून पाहिलं, टाइम नेमस्पेसबद्दल वाचलं. पहिलं लिबसीचे (सीच्या मूळ लायब्ररीचे) कॉल अडवतं, दुसरं कर्नलच्या मोनोटॉनिक आणि बूटटाइम घड्याळांना ऑफसेट देतं. आरडीटीएससी दोघांनाही सापडत नाही, कारण ती सूचना कुणाला विचारतच नाही. रजिस्टर वाचते आणि पुढे जाते.

मग पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलचा पीआर सेट टीएससी हा पर्याय मिळाला. त्याने प्रोसेसरच्या सीआर४ रजिस्टरमधला टीएसडी बिट (टीएससी वाचायला बंदी) लागतो आणि यूजर मोडमध्ये आरडीटीएससी आली की सिगसेगव्ही हा सिग्नल येतो. तो सिग्नल झेलणाऱ्या हँडलर फंक्शनमध्ये मी आरआयपीवरचे (चालू सूचनेच्या पत्त्यावरचे) बाइट ०एफ ३१, म्हणजे आरडीटीएससी, आहेत का बघतो, असतील तर आकड्याचे खालचे ३२ बिट आरएएक्समध्ये, वरचे ३२ आरडीएक्समध्ये भरतो आणि आरआयपी दोनने पुढे सरकवतो. छोट्या प्रोग्रॅमवर झकास चाललं.

नंतर वाटलं, खोटा काउंटर शून्यापासून सुरू होऊन बरोबर १ गिगाहर्ट्झने चालावा. म्हणून हँडलरमध्ये वेळ सांगणारं क्लॉक गेटटाइम बोलावलं. तेव्हापासून प्रोसेस जागच्या जागी मरते. राइटने छापलेली हँडलरची पहिली ओळ दिसते, शेवटची दिसत नाही. एसए नोडिफर (हँडलर चालू असतानाही तोच सिग्नल येऊ देणारा पर्याय) लावलं तर पहिल्याच ओळीची पडद्यावर रांग लागते आणि मग मरते. जीडीबी या डीबगरमध्ये फॉल्टचा पत्ता शून्य दिसतो, म्हणून नल पॉइंटर शोधतोय. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय?

प्रतिसाद १

नल पॉइंटरचा नाद सोडा. टीएसडीमुळे येतो तो जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. त्याला मेमरीतला पत्ताच नसतो, म्हणून शून्य दिसतो. सिग्नलसोबत येणारा एसआय कोड छापून बघा, १२८ असेल. खऱ्या नल पॉइंटरला तो १ येतो.

क्लॉक गेटटाइम हा बहुतेक वेळा सिस्टिम कॉल नसतोच. लिबसी त्यासाठी व्हीडीएसओत (कर्नलने प्रत्येक प्रोसेसमध्ये ठेवलेल्या छोट्या कोडमध्ये) जाते, आणि व्हीडीएसओ तुमच्याच प्रोसेसमध्ये, यूजर मोडमध्ये, टीएससी वाचतं. म्हणजे हँडलरच्या पोटात पुन्हा तोच फॉल्ट. हँडलर चालू असताना तो सिग्नल ब्लॉक असतो, आणि ब्लॉक असताना असा फॉल्ट आला की कर्नल वाट बघत नाही, प्रोसेस सरळ मारतो. नोडिफरने ब्लॉक निघतो, पण मग हँडलरच हँडलरला बोलावत बसतो, स्टॅक संपेपर्यंत.

तात्पुरता उपाय: लिबसीच्या सिस्कॉल फंक्शनने क्लॉक गेटटाइमचा नंबर देऊन थेट कर्नलला विचारा.

धागाकर्ता

लगेच चाललं, आभार! आता नवीन भानगड. लायब्ररी ठीक आहे, पण माझ्याच मुख्य प्रोग्रॅमने लॉगसाठी वेळ विचारली की अनोळखी बाइट म्हणून हँडलर ॲबॉर्ट करतो: ०एफ ०१ एफ९.

प्रतिसाद २

ती आरडीटीएससीपी. नव्या प्रोसेसरवर कर्नल बूट होताना व्हीडीएसओत हीच बसवतो. तीन बाइटची आहे, आरसीएक्समध्येही किंमत लागते. लिनक्स त्यात सीपीयू आणि नोडचा नंबर ठेवतो. टीएसडी तिलाही अडवतो.

पण व्हीडीएसओला खोटा आकडा देऊ नका. ते मागच्या अपडेटच्या वेळचा टीएससी वजा करून पुढचा वेळ काढतं. तुमचा आकडा त्याहून लहान असला तर फरक शून्य धरला जातो आणि घड्याळ दोन अपडेटच्या मध्ये गोठतं. गेटऑक्सव्हॅल या फंक्शनने व्हीडीएसओचा पत्ता काढा. आरआयपी त्या हद्दीत असेल तर हँडलरमध्येच टीएससी सुरू करा, खरं वाचन करा, पुन्हा बंद करा. आरआर हा रेकॉर्ड-रिप्ले डीबगर तर व्हीडीएसओच पॅच करून खरे सिस्टिम कॉल करायला लावतो.

आता मूळ मुद्दा. उत्तर दर वेळी सारखं यायला हवं, मग त्यात खरं घड्याळ कशाला मिसळताय? १ गिगाहर्ट्झचा हट्ट सोडा. दर वाचनाला ठरावीक १,००० वाढवा. सीड पक्कं होईल, टाइमआउटचे लूपही ठरावीक फेऱ्यांत सुटतील. थ्रेड असतील तर काउंटर प्रत्येक थ्रेडचा वेगळा ठेवा, नाहीतर कोण आधी वाचतो यावर पुन्हा आकडे बदलतील. पीआर सेट टीएससीसुद्धा थ्रेडपुरतंच असतं. नंतर जन्मलेल्या थ्रेडना वारसा मिळतो, आधीच चालू असलेल्यांना नाही.

आणि हो, मूळ सूचनेला काही डझन सायकल लागतात, सिग्नलच्या वाटेने हजारो. टेस्टला चालेल, मोजमापाला नाही.

धागाकर्ता

१,००० वालं केलं. दोन रनचे आउटपुट डिफला टाकले, एका बाइटचा फरक नाही. एक शेवटचं: एका सहकाऱ्याकडे आर्म ६४ मशीन आहे, तिथे हेच होईल का?

प्रतिसाद २

एक्स८६ वर ही सोय २.६.२६ पासून आहे, आर्म ६४ वर कर्नल ६.१२ मध्ये आली, तेव्हा आधी युनेम या कमांडने कर्नलची आवृत्ती बघायला सांगा. तिथलं रजिस्टर सीएनटीव्हीसीटी ईएल० आणि सूचना एमआरएस. लांबी कायम चार बाइट, हे सुख. पण उत्तर कुठल्याही एक्स रजिस्टरमध्ये मागितलेलं असू शकतं, त्याचा नंबर सूचनेच्या खालच्या पाच बिटांत असतो. तो ३१ आला तर ते झीरो रजिस्टर: काही लिहू नका, फक्त पीसी (तिथला आरआयपी) चारने पुढे न्या.