गाडीची चासी गंजली तर दोष फक्त खाडीचा?

"खाडीकाठी पिकअप उभी केली की गंजणारच, कंपनी काय करणार" असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ऐरोली-वाशीची दमट हवा, मासळीच्या गाडीतून गळणारं खारं पाणी, सगळं मान्य. पण चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आतून गंजते, तिथे मालकाचा ब्रश पोचतच नाही. आतला लेप, पाणी निघायची भोकं हे कारखान्याचंच काम. अमेरिकेत टोयोटाने २०१६ मध्ये टॅकोमा, टुंड्रा, सेक्वोया मिळून सुमारे १५ लाख गाड्यांसाठी मालकांच्या दाव्यात तडजोड केली: १२ वर्षांपर्यंत तपासणी, गंजून भोक पडलं असेल तर चासी बदलून. तिथेही बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतातच की! आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाची जबाबदारी, आहे. तक्रारीआधी चासी हातोडीने ठोकून बघा, फोटो काढा. तोवर अंडरकोटिंग (गाडीच्या खालून मारायचा गंजरोधक लेप) मात्र मारू नका, पुरावाच झाकला जाईल.