मदत हवी आहे: छोट्या लेखांचे पैसे, हक्क आणि माझी हिशेबाची वही

नमस्कार. नोकरी सांभाळून गेले 8 महिने पैशांसाठी छोटं लेखन करून पाहतेय. छोटं म्हणजे 300 ते 600 शब्द. अनुभवाचे तुकडे, विनोदी किस्से, 'अमुक कसं करावं' छापाची टिपणं. दीर्घ लेखाला महिना जातो, हे एका बैठकीत होईल आणि चार ठिकाणांहून थोडेथोडे पैसे येतील, असा माझा भाबडा हिशेब होता.

वहीतले आकडे असे: पाठवले 23, साभार परत 9, उत्तरच नाही 8, स्वीकारले 6. त्यातले 4 छापून आले. पैसे दोनांचेच मिळाले.

मागच्या आठवड्यात एका 400 शब्दांच्या लेखाला घड्याळ लावलं. लिहायला 50 मिनिटं. मूळ मजकूर 700 शब्दांचा झाला होता, तो कापायला 1 तास 10 मिनिटं. तो कुठे शोभेल हे बघायला जुने अंक चाळले, त्यात सव्वा तास. सोबतच्या चार ओळींच्या पत्राला अर्धा तास (हसू नका, त्या चार ओळी लेखापेक्षा अवघड असतात). एकूण पावणेचार तास. मानधन शब्दांवर, म्हणजे उरलेल्या 400 चं. कापलेल्या 300 शब्दांचे पैसे कोण देणार?

आता अडलंय ते सांगते. चष्मा शोधण्यावरचा एक विनोदी लेख स्वीकारला गेला, पण करारात 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी' असं लिहिलंय. पुढेमागे असे लेख एकत्र करायचे मनात आहे, म्हणून सही करायला हात धजत नाही. नकार द्यावा तर हातचं जाईल. दुसरीकडे दोन लेख छापून 5 महिने झाले, पैशांचं नाव नाही. आणि तिसऱ्या ठिकाणी 'नमुना म्हणून' 500 शब्द फुकट मागितलेत, विषयसुद्धा त्यांनीच दिलाय.

जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद 1

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे: नाही. नमुना म्हणून छापून आलेले चार लेख पाठवा. विषय त्यांनी दिला, शब्दसंख्या त्यांनी दिली, मग तो नमुना कसला, ते कामच झालं. जेम्स डी. मॅकडोनाल्ड या अमेरिकन लेखकाने सांगितलेला एक नियम लेखकमंडळींत 'योगचा नियम' म्हणून ओळखला जातो: पैसा लेखकाच्या दिशेने वाहिला पाहिजे. कोणी नोंदणी शुल्क मागितलं तरी हाच नियम लावून बघा.

प्रतिसाद 2

ताई, सही करू नका, पण नकारही देऊ नका. मधला रस्ता आहे.

आपण लेख विकतो असं म्हणतो, पण प्रत्यक्षात विकतो ती वापराची परवानगी. प्रताधिकार (कॉपीराइट) लिहिल्या क्षणी तुमचा होतो. त्यासाठी नोंदणीची अट नाही, हे 1886 च्या बर्न करारात 1908 च्या दुरुस्तीपासून पक्कं झालंय आणि जगातले बहुतेक देश या करारात आहेत. त्या परवानगीचे तुकडे करता येतात. प्रथम प्रकाशनाचा हक्क एकदाच विकता येतो, पुनर्मुद्रणाचा कितीही वेळा. छोटं लिहिणाऱ्याची खरी कमाई त्या दुसऱ्यात आहे आणि 'सर्व हक्क' म्हटलं की तीच जाते.

संपादकांना साधं पत्र लिहा: 'प्रथम प्रकाशनाचा हक्क देते, ठराविक मुदतीपर्यंत लेख इतरत्र देणार नाही, त्यानंतर बाकीचे हक्क माझे.' पुष्कळदा तो करार म्हणजे सगळ्यांना पाठवायचा छापील नमुना असतो. आजवर कोणी हरकतच घेतलेली नसते, म्हणून तसाच चालत राहतो. मी तीन ठिकाणी असं लिहिलं, दोघांनी निमूट बदललं. तिसऱ्यांनी ऐकलं नाही, तेव्हा सोडून दिलं.

एक सावधगिरी: संरक्षण शब्दरचनेला असतं, कल्पनेला नाही. म्हणून अनोळखी ठिकाणी दहा विषयांची यादी पाठवून बसू नका.

पावणेचार तासांचं म्हणाल, तर ते एका लेखाच्या खात्यावर टाकू नका. चाळलेल्या अंकांची टिपणं ठेवा. कोणाला किती शब्द लागतात, विनोद चालतो का, पैसे स्वीकृतीवर देतात की प्रकाशनानंतर. पुढच्या वेळी सव्वा तासाची दहा मिनिटं होतात. आणि ऋतू किंवा सण यांच्याशी जोडलेला मजकूर असेल तर मासिकांना कित्येक महिने आधी पाठवा. ऐन वेळी पाठवलेला चांगला लेखही परत येतो.

प्रतिसाद 3

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. हक्क वगैरे ठीक, पण पुनर्मुद्रण मागणारं कोण बसलंय? रीडर्स डायजेस्ट (स्थापना 1922) वाचकांच्या चार-सहा ओळींच्या किश्शांनाही पैसे द्यायचं. तसे किस्से आता लोक दिवसभर एकमेकांना फुकट पाठवतात. सुट्या पानपूरकांवर घर चालत नाही. छोटा लेख हे दार समजा. एकाच संपादकाकडे तीन-चार लेख वेळेत आणि शब्दमर्यादेत गेले की सदर मागा. सदर मिळालं की शोधाशोधीचा वेळ शून्य होतो, पत्राचाही. पैसा तिथे आहे.

आणि 700 लिहून 400 करण्याची सवय मोडा. कापणं चांगलं, पण 300 शब्द कापावे लागतात म्हणजे लेखात दोन विषय होते. दुसरा विषय फेकलात का? तो वेगळा लेख होता.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी परत आलेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

नमुनावाल्यांना छापलेले लेख पाठवले, तेव्हापासून तिकडे शांतता. पैसे थकवणाऱ्यांना जरा तिखट पत्र लिहिणार होते, पण आधी साधी चौकशी केली. उत्तर आलं: 'आम्ही तुमच्या बिलाची वाट पाहतोय.' बिल पाठवायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही नाही! लेखाचं नाव, शब्दसंख्या, अंकाचा महिना, ठरलेलं मानधन आणि खात्याचा तपशील असं एक पानी बिल पाठवलं. एका लेखाचे पैसे आले, दुसऱ्याचे पुढच्या महिन्यात देतो म्हणाले.

कापलेला मजकूर मी खरंच फेकत होते. जुन्या फायलींतून तीन तुकडे सापडले, त्यातला एक तरी उभा राहील असं वाटतंय.

करारवाल्यांनी 'प्रथम प्रकाशनाचा हक्क आणि एक वर्ष इतरत्र देऊ नये' इथवर मान्य केलंय. 400 शब्दांना वर्ष जास्त वाटतं, पण चालेल. अडचण एवढीच की वर्ष कधीपासून मोजायचं हे पत्रात नाही. स्वीकृतीपासून की छापल्यापासून?

प्रतिसाद 2

नुसतं 'छापल्यापासून' मान्य करू नका. छापलंच नाही तर वर्ष सुरूच होणार नाही आणि लेख त्यांच्या कपाटात अडकेल. असं लिहा: 'प्रकाशनापासून एक वर्ष किंवा स्वीकृतीपासून अठरा महिने, यांतली जी मुदत आधी संपेल ती.' आणि मानधन स्वीकृतीवर मागून बघा. नाही म्हणाले तर निदान तारीख घाला.