गाडी रखडते तेव्हा : ब्रिटन आणि जपानमधले अनुभव

मंडळी, परवा माझा आतेभाऊ टोकियोहून लंडनला आमच्याकडे आला होता. त्याला घेऊन उत्तरेकडे निघाले. टर्मिनसवर पोचलो तेव्हा गाडीला वीस मिनिटं होती आणि पाटीवर फलाटाचा आकडाच नव्हता. दोन-तीनशे माणसं माना वर करून उभी. तो मला विचारतो, "ताई, आपण नक्की कुठे उभं राहायचं?" मला उत्तर देता येईना. दहा मिनिटं उरली तेव्हा आकडा उमटला आणि सगळी गर्दी बॅगा ओढत एकाच बाजूला पळत सुटली. तो राहतो तिथे डब्याचं दार कुठे येणार याची खूण फलाटावर रंगवलेली असते आणि माणसं त्या खुणेमागे रांग लावतात.

त्यावरून हा धागा काढतेय. जपानच्या गाड्या वेळेवर धावतात आणि ब्रिटनच्या रखडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेवढंच पुन्हा नको. गाडी अडकली, रद्द झाली, चुकीची पकडली, तिकिटाचा घोळ झाला, अशा वेळी रेल्वे तुमच्याशी कशी वागली ते लिहा. माझ्या मते रेल्वे कशी आहे हे तेव्हाच कळतं. नियम माहीत असेल तर तोही लिहा, पुढच्याला उपयोगी पडेल. ज्यांच्यामुळे त्रास झाला त्या कंपन्यांची नावं मात्र नकोत.

कावासाकी (जपान), ११ वर्षं

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली. लगेच घोषणा झाली. कारण सांगितलं, साधारण किती वेळ लागेल ते सांगितलं आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. डब्यात कुणी चकार शब्द काढला नाही. उतरल्यावर गेटपाशी रेल्वेचा माणूस चिठ्ठ्या वाटत होता. छोटासा पातळ कागद, कडेला तारखेचे आणि मिनिटांचे आकडे छापलेले, आणि जेवढा उशीर त्या आकड्यावर खाच पाडलेली. याला चिएन शोमेइशो म्हणतात, उशिराचा दाखला. ऑफिसात साहेबांना दिला, त्यांनी न वाचता ट्रेमध्ये टाकला, विषय संपला. आता हा दाखला बऱ्याच कंपन्यांच्या साइटवरूनही काढता येतो.

दुसरी मोठी सोय म्हणजे एका कंपनीची लाइन बंद पडली की त्याच पासावर शेजारच्या कंपनीच्या गाडीने जाता येतं, जादा पैसे पडत नाहीत. पण सुइका या प्रीपेड कार्डात नुसते पैसे भरून प्रवास करत असाल तर ही सवलत नाही, पास किंवा आधी काढलेलं तिकीट लागतं. मला हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी पदरचे पैसे गेले. नवीन येणाऱ्यांनी पास लवकर काढून घ्या.

बर्मिंगहॅमजवळ, ६ वर्षं

आई पहिल्यांदाच इकडे आली होती. स्कॉटलंडहून परतताना आधीची गाडी उशिरा आली आणि शेवटची जोडगाडी रद्द झाली. रात्रीचे पावणेअकरा, थंडी, स्टेशनवरची दुकानं बंद. पाटीवर फक्त "रद्द". घोषणा नाही, काही नाही. आई म्हणाली, "आता इथेच पथारी पसरायची का?"

अर्ध्या तासाने स्टेशनवरचा एक वयस्कर कर्मचारी स्वतःहून आमच्याकडे आला. एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर त्याने सगळ्यांची गावं लिहून घेतली, एका दिशेच्या माणसांची चौकडी जमवली आणि टॅक्सी बोलावल्या. आमच्यासोबत एक नर्स आणि एक कॉलेजचा मुलगा. साठ-सत्तर मैलांचा रस्ता. आई सगळा वेळ माझ्या कानात कुजबुजत होती, "मीटर बघ, किती झालं? कोण देणार हे?" एक पेनीही द्यावी लागली नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की रेल्वेच्या घोळामुळे शेवटची गाडी चुकली तर शक्य असेल त्या मार्गाने तुम्हाला मुक्कामी पोचवणं किंवा रात्रीची राहण्याची सोय करणं, हे रेल्वेच्या प्रवास-अटींतच आहे. तो माणूस आमच्यावर उपकार करत नव्हता, आमचा हक्कच देत होता. पण पाकिटावर लिहून घेताना त्याने आईला "थंडी वाजतेय का" असं विचारलं, ते कुठल्या अटीत नव्हतं.

(धागाकर्ती)

पैसे परत मिळण्याबद्दल दोघांनी विचारलंय म्हणून मध्येच लिहिते. ब्रिटनमध्ये बहुतेक कंपन्यांकडे १५ मिनिटांच्या पुढे उशीर झाला तर एकेरी भाड्याचा चौथा हिस्सा, ३० मिनिटांपुढे अर्धं आणि तासापुढे पूर्ण भाडं परत मिळतं. पण आपणहून मागावं लागतं, तेही २८ दिवसांच्या आत. तिकिटाचा फोटो काढून ठेवा. जपानमध्ये शिनकानसेन (बुलेट ट्रेन) किंवा दुसरी एक्सप्रेस दोन तास किंवा त्याहून उशिरा पोचली तरच परतावा, आणि तोही एक्सप्रेसच्या जादा आकाराचा, मूळ भाड्याचा नाही. या एका बाबतीत ब्रिटनचा नियम प्रवाशाच्या जास्त बाजूचा आहे, हे मान्य करायला हवं.

लीड्स, त्याआधी ओसाका

मी व्हीलचेअरवर असते. ओसाकात गेटवर सांगितलं की कुठे उतरायचंय, की माणूस घडीची फळी काखोटीला मारून माझ्यासोबत फलाटावर यायचा. आधी उतरायच्या स्टेशनला फोन लावायचा: अमुक गाडी, अमुक डबा, अमुक दार. मग फळी टाकायचा. चार वर्षांत एकदाही असं झालं नाही की दार उघडलं आणि समोर फळी घेऊन कुणी उभं नाही. याला एक दुसरी बाजू आहे. पलीकडच्या स्टेशनचा होकार येईपर्यंत मला थांबावं लागे आणि डोळ्यांसमोरून दोन-दोन गाड्या निघून जात. मला अचानक मनात आलं म्हणून गाडीत चढता आलं नाही कधी.

इथे मी मदत आगाऊ नोंदवते. चढताना सहसा सगळं नीट होतं. गेल्या नोव्हेंबरात उतरायच्या स्टेशनवर दार उघडलं आणि फलाट रिकामा. माझ्या पोटात गोळा आला, कारण दार बंद झालं की पुढचं स्टेशन अर्ध्या तासावर. तेवढ्यात शेजारी बसलेली बाई उठली आणि एक पाय डब्यात, एक पाय फलाटावर ठेवून दारातच उभी राहिली. मोठ्याने म्हणाली, "हिला उतरवल्याशिवाय मी हलणार नाही." गार्ड धावत आला, डब्यातल्या कपाटातून फळी काढली. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. त्या बाईची मी जन्माची ऋणी आहे. पण मला माझं उतरणं शेजारच्या माणसाच्या भल्या स्वभावावर सोडायचं नाहीये. मला ओसाकातला तो फोन हवाय.

डर्बी, सिग्नलिंगमध्ये नोकरी

वरचा शेवटचा मुद्दा, ओसाकातल्या फोनचा, फार महत्त्वाचा आहे, म्हणून दोन्हीकडे रेल्वे कुणाच्या हातात आहे ते जरा आतलं सांगतो. जपानने १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वे मोडली तेव्हा प्रवासी वाहतुकीचे प्रदेशांनुसार सहा तुकडे केले. होन्शू या मुख्य बेटावरच्या कंपन्यांकडे रूळ, स्टेशनं, गाड्या, वेळापत्रक सगळं एका हातात आलं. तिथे मालगाड्यांची कंपनी तेवढी दुसऱ्यांच्या रुळांवरून जाते. ब्रिटनने १९९३ च्या कायद्याने उलट केलं. रूळ एकाकडे, गाड्या चालवणार दुसरा, आणि डबे-इंजिनं तिसऱ्याची, भाड्याने घेतलेली. रुळांची पहिली कंपनी टिकली नाही, २००२ पासून ते काम नेटवर्क रेलकडे आहे.

याचा परिणाम रोज दिसतो. तीन मिनिटं किंवा त्याहून जास्त खोळंबा झाला की त्याचं खापर कुणावर फोडायचं हे ठरवावं लागतं, कारण त्यावरून कंपन्यांमध्ये पैसे फिरतात. त्यासाठी खास माणसं नेमलेली आहेत. चांगली, हुशार माणसं आहेत ती. त्यांचा दिवस वादात जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता २०२४ च्या कायद्यानुसार कंपन्या एकेक करून सरकारकडे येताहेत, मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्नपासून सुरुवात झाली. मला आशा आहे.

शिनकानसेनशी सरळ तुलना करू नका, एवढीच विनंती. १९६४ ची टोकियो-ओसाका तोकाइदो लाइन फक्त वेगवान प्रवासी गाड्यांसाठी नव्याने बांधलेली आहे. तिच्यावर ना मालगाडी, ना फाटक. इथे मुख्य लाइन १८३०-४० च्या दशकांतली, आणि तिच्यावर एक्सप्रेस, पॅसेंजर, मालगाडी सगळ्यांची दाटी. आणि जपानची पहिली लाइन, १८७२ ची शिंबाशी-योकोहामा, बांधायला घेतली ती एडमंड मोरेल या ब्रिटिश इंजिनिअरच्या देखरेखीखाली, इंजिनंही इथूनच गेली. यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात पहिल्या पिढीच्या शिनकानसेनचा डबा ठेवलाय. मुलांना घेऊन जा, आत बसता येतं.

शेफील्ड, विद्यार्थिनी

माझ्याकडे १६ ते २५ वयाचं रेलकार्ड आहे, एक तृतीयांश सूट मिळते. पण कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या आत प्रवास असेल तर किमान १२ पौंडांचं तिकीट लागतं (जुलै-ऑगस्ट सोडून). मला नियम माहीत नव्हता आणि मोबाइलवर तिकीट सहज निघालं. ९.४० च्या गाडीत टीसीने नाव-पत्ता लिहून घेतला. सहा आठवड्यांनी पत्र आलं, त्यात कोर्टाची भाषा. फरक तीन पौंडांपेक्षा कमी होता. घरी सांगितलं नाही, रात्री झोप लागायची नाही. शेवटी विद्यापीठातल्या सल्लागार बाईंनी पत्र लिहून दिलं आणि काही रक्कम भरून मिटलं.

माझी मैत्रीण नागोयाला आहे. ती गप्पांच्या नादात दोन स्टेशनं पुढे गेली. गेटच्या आत एक मशीन असतं, त्यात तिकीट घातलं, १८० येन कमी आहेत असं पडद्यावर आलं, ते भरले, बाहेर. कुणी तिला लबाड समजलं नाही. मला एवढंच म्हणायचंय.

ताकाराझुका, १४ वर्षं

कौतुक वाचून बरं वाटलं, पण आमच्या लाइनवरची एक गोष्ट सांगायलाच हवी. २५ एप्रिल २००५ ची सकाळ. इथून सुटलेली गाडी इतामीला जागेवर थांबली नाही, सत्तरेक मीटर पुढे गेली, मागे आणावी लागली. सगळा मिळून दीड मिनिटाच्या आतबाहेरचा उशीर. चालक २३ वर्षांचा. आमागासाकीच्या आधीच्या वळणावर ७० किलोमीटरची मर्यादा होती, गाडी ११६ च्या वेगाने वळणात शिरली आणि रुळाशेजारच्या इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसं गेली. चूक केलेल्या चालकांना पुन्हा "शिक्षणा"ला बसवायची पद्धत होती, ती प्रत्यक्षात शिक्षाच असे. त्या मुलाला ती आधी एकदा भोगावी लागली होती. चौकशीत हेही पुढे आलं.

मी रोज त्याच वळणावरून जाते. तिथे आता स्मृतिस्थळ आहे. गाडी तिथे हळू होते, बऱ्याच जणांची नजर खिडकीबाहेर जाते. उशिराबद्दल माफी मागणारी घोषणा झाली की मला मनातून वाटतं, नको रे बाबा, सावकाश चालव.

डोंबिवली, सध्या मुलीकडे योकोहामाला

मी मध्य रेल्वेत मोटरमन होतो, निवृत्त होऊन सात वर्षं झाली. इथे मी रोज सकाळी पहिल्या डब्यात चालकाच्या मागच्या काचेशी उभा राहतो. समोरच्या पॅनेलमध्ये खिशातलं घड्याळ ठेवायची खोबणी असते. चालक येतो, घड्याळ काढतो, खोबणीत बसवतो, मग वेळापत्रकाच्या पट्टीवर बोट ठेवतो. पांढरे हातमोजे. सिग्नल दिसला की हात लांब करून बोट दाखवतो आणि मोठ्याने म्हणतो. डब्यात कुणी ऐको न ऐको, प्रत्येक सिग्नलला. यांच्या रेल्वे संशोधन संस्थेने प्रयोग करून पाहिलंय की बोट दाखवून आणि बोलून काम केलं तर चुका सहाव्या हिश्शावर येतात. मला ते पटायला प्रयोग लागला नाही. पावसाळ्यात कुर्ल्याच्या पुढे सिग्नल धूसर झाले की आम्हीही मोठ्याने म्हणायचो, म्हटलं की डोकं ताळ्यावर राहतं.

ब्रिटनची रेल्वे मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही. १८५३ ला आपल्याकडे गाडी आणली त्यांनी, तेवढी ओळख.

ताकाराझुकाच्या ताईंचं वाचलं आणि काल चालकाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. पोरगाच होता, पंचविशीचा. गाडी वीसेक सेकंद मागे होती, पट्टीवरून आणि घड्याळावरून मला कळत होतं. मी त्याच्या वेगाच्या काट्याकडे बघत राहिलो. काटा होता तिथेच राहिला. वळण आलं, वेग उतरला, बोट वर गेलं, तो बोलला. काचेच्या अलीकडे माझंही बोट वर गेलं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, चला, आपलं स्टेशन आलं."