प्रतिसाद: हब कुठे बसवायचा?
स्मार्ट होमचा हब (घरातले सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात तो डबा) राउटरला खेटूनच ठेवा, केबल आखूड लागते, हे वरच्या पोस्टमधलं म्हणणं पटलं नाही. झिगबी (सेन्सर आणि हब ज्यावर एकमेकांशी बोलतात ती वायरलेस पद्धत) आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात; खेटून ठेवले की सिग्नल एकमेकांच्या आड येतात, मग सेन्सर मध्येच गायब होतात. लॅन केबल लांब घ्या, मध्ये तीनेक फूट अंतर राहू द्या.

लाईट गेली तरी चालू राहावं म्हणून हब-राउटर इन्व्हर्टरवर घ्या, हे त्याच पोस्टमधलं मात्र शंभर टक्के खरं. पण तेवढ्यानं भागत नाही. आमच्या जळगावकडच्या जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरांत भिंती हातभर जाड, त्यामुळे मागच्या खोलीतला सेन्सर मधल्या स्मार्ट प्लगमार्फतच हबपर्यंत पोहोचतो; हा विजेवरचा प्लग सेन्सरचा सिग्नल पुढे पाठवतो. लाईट गेली की तो प्लगच बंद! बॅटरीवरचे सेन्सर दुसऱ्याचा सिग्नल पुढे पाठवत नाहीत. म्हणून वायरमनला आधीच सांगून तो एक प्लग पॉइंटही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या.