विषय: हॉलचा मेल – 'आल्किलामोस' ठेवायचं का?

मंडळी,
हॉलवाल्या बाईंना मेल आज रात्रीच जायला हवा. स्पॅनिश मजकूर असा: 'आल्किलामोस ला साला एल साबादो. आल्किलाइस ताम्बियेन एल दोमिंगो?' (शनिवारी आम्ही हॉल भाड्याने घेतो. तुम्ही रविवारीही भाड्याने देता का?) आल्किलार (भाड्याने घेणं किंवा देणं) सरळ आर-वालं, म्हणजे '-आर'ने संपणारं क्रियापद, नियमाने चालवलंय: आल्किलो, आल्किलास, आल्किला, आल्किलामोस, आल्किलाइस, आल्किलान. 'नोसोत्रोस' (आम्ही) गाळलंय, प्रत्ययावरून कर्ता कळतोच. पाठवू ना?
– सचिव

>> पाठवू नका! आर-वाल्यांत 'आम्ही'चं रूप वर्तमानात आणि साध्या भूतकाळात एकच. बाई समजतील, यांनी गेल्या शनिवारी हॉल घेतला होता, आणि जुनं बुकिंग शोधत बसतील. कोमेर (खाणं) असतं तर वर्तमानात कोमेमोस, भूतकाळात कोमिमोस असा फरक दिसला असता. तारीख घाला: 'एल साबादो १९ दे सेप्तिएम्ब्रे' (शनिवार, १९ सप्टेंबर). मग क्रियापद आहे तसं राहू दे.
– वर्गाची ताई

>> ताई, कार्यक्रम तर पुढे आहे. वर्तमानकाळ चालेल?
– काका, खेताफे

>> चालेल काका, ठरलेल्या गोष्टीला सर्रास वापरतात. आपण 'उद्या फोन करतो' म्हणतो, तसंच 'मान्याना यामो'.
– ताई

>> आमची आजी पणजीला पोर्तुगीज शाळेत शिकली. पोर्तुगालमध्ये 'फालामोस' (आम्ही बोलतो किंवा बोललो) भूतकाळी असेल तर 'ला'वर आघातचिन्ह देतात, त्यामुळे लिहिताना घोळ होत नाही. स्पॅनिशमध्ये ती सोय नाही हे खरंच खटकतं.
– लेगानेसची वहिनी

>> तारखेचं पटलं. पण 'आल्किलाइस' नको. मेक्सिकोत असताना वोसोत्रोसची (अनौपचारिक 'तुम्ही'ची) रूपं कुणाच्या तोंडी ऐकली नाहीत. अनोळखी माणसाला उस्तेदेस (औपचारिक 'तुम्ही'), म्हणजे 'आल्किलान'. शिवाय हॉलचा पत्रव्यवहार आजवर खजिनदारच करत आलाय, डिपॉझिट माझ्याकडून जातं.
– खजिनदार

>> मेक्सिकोचं मेक्सिकोत. माद्रिदमध्ये वोसोत्रोस रोजचं आहे, बाई स्वतः आपल्याला 'नेथेसिताइस मास सियास?' (आणखी खुर्च्या हव्यात का?) विचारतात. त्या जसं बोलतात तसंच आपण लिहावं. उस्तेदेस फार कोरडं वाटेल.
– सचिव

>> बोलताना खुर्च्यांचं विचारणं वेगळं, पत्र वेगळं. या कार्यक्रमाच्या पहिल्या लेखी विनंतीत 'आल्किलान'च शोभतं. उत्तरात त्यांनी वोसोत्रोस वापरलं तर पुढच्या मेलपासून आपणही वापरू. आमच्या वर्गातले तिघे नागरिकत्वासाठी देले आ-दोस ही स्पॅनिशची परीक्षा देताहेत, त्यांना मी हेच शिकवते.
– ताई

>> ताई, त्या परीक्षेचं वेगळ्या धाग्यात लिहाल का? आमच्या हिलाही द्यायचीय.
– काका

>> ठीक. १९ तारीख घातली, 'आल्किलान' केलं. मेल खजिनदारांच्या नावाने जाईल, प्रत मला. रविवारचं उत्तर आलं की कळवतो.
– सचिव