रोमन ब्राँझची नाणी: सुरुवात कुठून करावी?

चंद्रकोर:
आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. लेकीच्या (वय ९) वर्गात सध्या रोमन लोक चालू आहेत, म्हणून वाढदिवसाला तिला ऑनलाइन लिलावातून २० 'न साफ केलेली' रोमन नाणी घेऊन दिली. आल्या त्या मातीच्या चकत्या! त्यात सासूबाई इकडे आल्या आहेत. त्यांनी कौतुकाने त्यातली चार देवाच्या उपकरण्यांबरोबर चिंच-मीठ लावून घासली. आता ती गुलाबी बटणं दिसतात आणि राजाचं नाक गेलंय. एक मात्र वाचलं. त्यावर दोन शिपाई आहेत आणि खाली इंग्रजी अक्षरांत चक्क 'टीआरपी'!
उरलेली कशी साफ करू? आणि पुढे घ्यायची तर काय घ्यावीत? शिवाय पैठणला मामांकडे सातवाहनांची आठ-दहा नाणी आहेत, ती इकडे आणता येतील का?

खुशालचेंडू:
टीआरपी? रोमनांकडे पण मालिका होत्या वाटतं.

नाणेवेडा:
होत्या, आणि आपल्या मालिका त्यापुढे काहीच नाहीत.
चंद्रकोर, 'टीआर' म्हणजे त्रेवेरी, आजचं जर्मनीतलं ट्रियर. 'पी' म्हणजे प्रीमा, तिथल्या टांकसाळीतला पहिला कारखाना. चौथ्या शतकातल्या नाण्यांची मजाच ही, की तळाच्या तीन-चार अक्षरांत गावाचा पत्ता असतो. 'एसएमएएन' अँटिओक, 'एएलई' अलेक्झांड्रिया, 'एसआयएस' आजच्या क्रोएशियातलं सिस्सिया.
तुमचं नाणं बहुधा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातलं, 'सैन्याचा गौरव' प्रकारचं. एक काम करा, दोन शिपायांच्या मध्ये निशाणं किती ते मोजा. दोन असतील तर ३३० ते ३३५, एकच असेल तर त्यानंतरचं. कारण असं की नाणंच लहान केलं. आधीचा सम्राट डायोक्लिशनने २९४ च्या सुमारास काढलेलं मोठं नाणं साधारण १० ग्रॅमचं होतं, वर चांदीचा पातळ मुलामा. ३३० पर्यंत ते अडीच ग्रॅमवर आलं आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत दीडच्या आसपास. एवढ्याशा चकतीवर दोन निशाणं मावेनात. लष्कराचा गौरव मात्र तसाच छापत राहिले.
आता मालिका. कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा क्रिस्पस, पराक्रमी. ३२६ मध्ये बापाच्याच हुकमाने त्याला मारलं. त्याच वर्षी कॉन्स्टंटाइनची बायको, म्हणजे क्रिस्पसची सावत्र आई फौस्ताही गेली. दोघांची नाणी तिथेच थांबतात. ३३७ मध्ये बाप वारला, तेव्हा भाऊबंदांची कत्तल झाली आणि तीन मुलांनी राज्य वाटून घेतलं. त्यातला एक ३४० मध्ये धाकट्यावर चालून गेला नि मेला, धाकट्याला ३५० मध्ये बंडखोरांनी मारलं, उरला कॉन्स्टँटियस.
म्हणून माझा सल्ला: ढिगाने चिखल घेऊ नका. त्याच पैशांत पाच-सहा वाचता येतील अशी घ्या. बाप, क्रिस्पस, तिन्ही मुलं आणि लांडगिणीला लुचणारी जुळी असलेलं एक. सगळं घराणं मुठीत मावतं. नावात 'आयव्हीएन' (म्हणजे ज्युनियर) दिसलं तर तो बाप नाही, मुलगा. जुळवून पाहायला अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची ओक्रे ही साइट आहे, फुकट.

साबणाचाफुगा:
चिखलाला नावं ठेवू नका हो. माझ्या पोराने त्याच्यावर अख्खा हिवाळा काढला. बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर, दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, मऊ ब्रश, लाकडी टूथपिक. महिनाभर काही दिसत नाही, मग एक कान दिसतो. त्या कानासाठी घरभर आरडाओरडा. मात्र लिंबू, व्हिनेगर, चिंच अजिबात नाही. वरचा हिरवा-काळा थर म्हणजेच नाणं, चित्राचे बारकावे त्यातच उरलेले असतात.
अजून एक. फिकट हिरवी पूड दिसली, खरवडली तरी परत आली, तर तो ब्राँझ डिसीज. धातूतल्या क्लोराइडला दमट हवा मिळाली की तो सुरू होतो. ते नाणं वेगळ्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. माझी तीन गेली, आळशीपणामुळे.

गोदाकाठ:
मामांची नाणी आणायचा विचार सोडा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, घरची असली तरी. पुढच्या सुट्टीत लेकीला त्र्यंबकच्या वाटेवर आंजनेरीला न्या. तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, संग्रहालयासकट. आणि तिला सांगा, ही चौथ्या शतकातली रोमन चिल्लर तमिळनाडूत करूर, मदुराईकडेही सापडते.

नाणेवेडा:
इंग्लंडचंही सांगतो. शेतात फिरताना एकाच जागी दहा किंवा जास्त अशी ब्राँझ नाणी मिळाली तर कायद्याने तो 'खजिना', कळवावाच लागतो. विकत घेताना नाणं कुठून आलं ते विचारा. विक्रेता गुळमुळीत बोलला तर पुढे चला. आणि कडेला सांध्याची रेघ किंवा अंगावर बारीक बुडबुडे दिसले तर ते ओतीव, म्हणजे नकली. खरी नाणी ठोकलेली असतात.

चंद्रकोर:
मोजलं. एकच निशाण! लेक भिंग घेऊन 'आयव्हीएन' शोधतेय. बाटलीभर पाण्यात सोळा चकत्या बुडवल्यात, सासूबाईंना किल्ली देणार नाही. पण त्या विचारतायत, क्रिस्पसला सावत्र आईनेच अडकवलं ना?

नाणेवेडा:
ती गोष्ट नंतरच्यांनी रंगवली. त्यातल्या त्यात जवळच्या काळातला रोमन इतिहासकार ऑरेलियस व्हिक्टर 'कारण कळत नाही' एवढंच लिहून पुढे जातो.